लाटसाहेबांचा रंग

सागरविज्ञानाच्या एका प्रयोगशाळेत मी संशोधन सहाय्यक होते. या पदनामातलं ‘संशोधन’ सरांकडे होतं आणि ‘सहाय्यक’ माझ्याकडे. सर परिषदांना जाऊन समुद्राबद्दल बोलायचे, मी समुद्रातून वस्तू वर ओढायचे. काचेची भांडी आधी खाऱ्या आणि मग गोड्या पाण्यात धुणं, नमुन्यांच्या फ्रिजमध्ये कोणी जेवणाचा डबा ठेवला तर तो बाहेर काढणं, प्रिंटरची शाई बदलणं, आणि पाहुणे यायच्या आधी दर्शनी टाकीतला म्हातारा मासा जिवंत आहे ना ते बघून येणं, ही सगळी विज्ञानाचीच सेवा होती. पाच वर्षं मी ती केली आणि दर वर्षी मुदतवाढीसाठी सरांच्या दारात उभी राहिले.

सरांना तोंडावर आम्ही सर म्हणायचो आणि पाठीमागे लाटसाहेब. त्यांच्या पायाला समुद्राचं पाणी लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं. धक्क्यावर यायचे तेसुद्धा पँटची इस्त्री सांभाळत, आणि माझ्या हातातली बादली दिसली की चार पावलं मागे सरकायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण वातानुकूलित खोलीच्या खिडकीतून समुद्र हाकणारा माणूस हा एकच. मात्र बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटायचं, हे मान्य करायला हवं.

लाटसाहेबांचा विषय होता रंग. समुद्रात बुडवलेल्या कुठल्याही वस्तूवर आधी शेवाळ धरतं आणि मग येतात बार्नेकल. चुन्याच्या बारीक टोप्या घालून बसलेले हे प्राणी एकदा चिकटले की मेले तरी जागा सोडत नाहीत, सरकारी खुर्चीवर बसल्यासारखे. बोटीच्या तळाला ते बसले की बोट जड होते, दुप्पट डिझेल पिते आणि सगळ्यांच्या मागून बंदरात येते. तोवर गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. म्हणून बोटींच्या तळाला तांब्याचं विष घातलेला रंग लावतात. लाटसाहेबांनी शेवाळाच्या अर्कापासून बिनविषारी रंग तयार केला होता. त्यावर बार्नेकल बसणार नाहीत हे त्यांनी आधी जाहीर केलं आणि मग प्रयोगाला हात घातला.

मला स्वतःला या रंगाची आस होती, ती मामामुळे. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याची मासेमारीची एक बोट आहे आणि तिच्यावर त्याचं, मामीचं आणि बरीच वर्षं आमचंही पोट चाललं, कारण बाबा गेल्यावर आई मला घेऊन त्याच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली. मामा बार्नेकलला बार्नेकल म्हणत नाही, पीडा म्हणतो. विषारी रंग लावूनही थोडी पीडा बसतेच, आणि दर हंगामाआधी बोट उतारावर ओढून, तिच्या खाली उकिडवं बसून ती लोखंडी पात्याने खरवडावी लागते. यात त्याची कंबर गेली. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा तो त्यांना म्हणाला, “बोट उलटी तरंगायला शिकली की नाही वाकणार.” मी या प्रयोगशाळेत लागले तेव्हा त्याला खरोखर वाटलं होतं की आता घरातल्या घरातच काहीतरी औषध निघेल.

प्रयोग सोपा होता. धक्क्याच्या कडेला एका सांगाड्यावर लोखंडी पाट्यांच्या दोन रांगा पाण्यात सोडलेल्या. पुढच्या रांगेला लाटसाहेबांचा रंग, कारण पाहुण्यांना ती दिसायला हवी. मागची रांग तुलनेसाठी, तिला काहीच नाही. नियम एकच, पाट्यांना हात लावायचा नाही. दर महिन्याला वर ओढायच्या, बघायच्या, परत सोडायच्या. जी घाण बसते तोच आमचा प्रयोग, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून दमले होते.

आणि घाण दोन्ही रांगांवर सारखीच बसत होती. मी लाटसाहेबांना धक्क्यावर नेऊन दाखवलं. त्यांनी रुमाल नाकाला लावून पाहिलं.

“निसर्गाला वेळ द्यावा लागतो,” ते म्हणाले.

“निसर्गाने वेळ घेतलाय सर. दोन्ही रांगा भरल्यात.”

“तुझा हाच दोष आहे. पी हळद आणि हो गोरी, असं विज्ञान नसतं.”

मग मला कांजिण्या झाल्या. या वयात झाल्या म्हणून आईने आधी डोक्याला हात लावला आणि मग मला खोलीत कोंडलं. अंगभर फोड घेऊन मी पडून होते. मामा दारातूनच म्हणाला, “तुलाच पीडा धरली की गं.” त्याच दिवसांत प्रयोगशाळेला अनुदान देणाऱ्या मंडळाची माणसं पाहणीला आली. माझ्याशिवाय काही अडलं नाही, उलट सगळं फारच छान पार पडलं, असा लाटसाहेबांचा मेसेज आला. तो वाचून मला वाईटच वाटलं.

परत कामावर गेले तर कार्यालयात आनंदीआनंद. लाटसाहेबांनी मला बसायला सांगितलं, हे आजवर घडलं नव्हतं.

“धक्क्यावर जाऊन बघ,” ते म्हणाले. “आणि मग बोलू.”

मी गेले. पुढच्या रांगेतल्या पाट्या वर ओढल्या. एक टोपी नाही, एक शेवाळाचा धागा नाही. निळा रंग कसा कालच लावल्यासारखा चमकत होता. मागची रांग मात्र बार्नेकलनी खच्चून भरलेली. मी पाट्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना, आणि डोळे तर चांगले होते.

तेवढ्यात आमचे अधीक्षक आले. इमारतीची सगळी देखभाल यांच्याकडे, आणि त्यांना सगळे चकाचक म्हणतात, कारण पाहुणे येणार म्हटलं की त्यांच्या तोंडी हाच एक शब्द असतो. कोणी मोठा माणूस येणार असला की ते झाडांच्या बुंध्यांनासुद्धा चुना फासतात.

“बघितल्या का मॅडम तुमच्या पाट्या?” ते म्हणाले. “काय अवस्था करून ठेवली होती. साहेब म्हणाले धक्का चकाचक पाहिजे, म्हणून माणूस लावून खरवडून घेतल्या. वर स्टोअरमधल्या त्याच डब्यातल्या रंगाचा एक हात मारला. मागची रांग राहू दिली, तिकडे कोण बघतंय.”

एवढं सांगून ते थांबले. मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना शिव्या दिल्या नाहीत, कारण या इमारतीत आपलं काम नीट करणारा तेवढाच एक माणूस होता आणि त्याने तेच केलं होतं.

मी तडक लाटसाहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या पडद्यावर नव्या सादरीकरणाचं पहिलं पान उघडं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: विलंबित स्वयंशुद्धी. म्हणजे बार्नेकल आधी रंगावर बसतात, काही महिने नांदतात आणि मग रंगाच्या गुणाने आपोआप गळून पडतात. या शोधाला त्यांनी नावसुद्धा ठेवून टाकलं होतं.

“सर, चकाचकांनी पाट्या खरवडून घेतल्यात. वरून नवा रंग दिलाय. त्यांनीच मला आत्ता सांगितलं.”

लाटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “तो माणूस वैज्ञानिक आहे का?”

“नाही.”

“मग त्याचं बोलणं पुरावा म्हणून धरता येत नाही. मागच्या महिन्यात मी स्वतः बार्नेकल पाहिले. आज ते नाहीत. याला निरीक्षण म्हणतात.”

“याला साफसफाई म्हणतात, सर.”

“हे बघ,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “मंडळाला हे फार आवडलंय. आता त्यांना खऱ्या बोटीवर चाचणी हवी. एक हंगाम, आणि शेवटी सगळ्यांसमोर बोट वर काढून पाहणी. तुझे मामा बोटवाले ना? मी सकाळीच त्यांच्याशी बोललो. माणूस साधा आहे, लगेच तयार झाला. आणि तुझी मुदतवाढ माझ्या टेबलावर आहे, विसरलो नाहीये मी. चाचणी नीट झाली की सही.”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींत मामाची बोट.

घरी आले तर मामा अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि मामी, आई आणि शेजारचे दोन बोटवाले त्याच्याभोवती होते. तो साहेबांचा फोन कसा आला ते सांगत होता. मी त्याला आत बोलावलं आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं करून सगळं सांगितलं. पाट्या, खरवडणं, नवा हात, सगळं.

“हा रंग लावायचा म्हणजे आधीचा विषारी रंग लाकडापर्यंत काढावा लागणार,” मी म्हणाले. “बोट उघडी पडेल. या रंगाने काही होत नाही मामा. हंगाम जाईल तुझा. नाही म्हणून सांग.”

तो ओट्यावरच्या तांब्यातलं पाणी प्यायला. मग म्हणाला, “आणि तुझी सही?”

आईला तोंडात तीळ भिजत नाही. मुदतवाढीचं मी तिला फोनवर सांगितलं होतं आणि मी बसस्टॉपवरून घरी पोचेपर्यंत ते मामापर्यंत पोचलं होतं.

“माझी सही माझं मी बघीन.”

“तू कशी बघणार? तुला नीट बोलता येतं का कुणाशी?” तो म्हणाला. “एक हंगाम आहे. जाईल कसातरी.” आणि बाहेर जाऊन त्याने त्या दोघा बोटवाल्यांना सांगितलं की भाचीने रंगाची खात्री दिलीय. मी दारात उभी राहून ते ऐकलं. त्याला ओरडावं की त्याच्या पाया पडावं, हे मला कळेना.

बोटीला रंग लागला त्या दिवशी फीत कापायचा कार्यक्रम झाला. फीत लाटसाहेबांनी कापली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून फोटोत मध्ये उभा राहिला आणि मला बाजूला ओढून म्हणाला, “हस की जरा, मयताला आल्यासारखी काय उभी आहेस.” मी हसले. तो फोटो प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात लागला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. काही आठवड्यांत मी मामाच्या बोटीच्या काठावरून वाकून पाण्यात हात घातला तर तळ खरखरीत लागला. मी लाटसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “बसू देत. बसल्याशिवाय गळणार कसे?” हंगाम भरात होता. मामाची बोट दिवसेंदिवस उशिरा येऊ लागली. ज्या धक्क्यावर तो पहिल्या दोघा-तिघांत असायचा तिथे तो येईपर्यंत टोपल्या धुऊन उपड्या झालेल्या असायच्या. बोटवाले विचारायचे, काय मामा, रंग सुकायची वाट बघत थांबला होतास काय. तो हसण्यावारी न्यायचा. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचे आणि कार्यालयात जाऊन मूग गिळून भांडी धुवायचे.

मग हंगामाच्या मध्यावर आमची स्वतःची एक पाहणी ठरली, मंडळाच्या आधीची. बोट उतारावर ओढली. मी खाली जाऊन बसले आणि तळावरून हात फिरवला. हात घसरला. पुन्हा फिरवला. तळ गुळगुळीत, निळा, स्वच्छ. इथे तिथे एखादी टोपी, तीही फुटकी. लाटसाहेब लांब उभे राहून माझ्याकडे बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. पाच वर्षांत त्या माणसाचं एकही वाक्य मी मनापासून खरं मानलं नव्हतं आणि आता वाटलं, असेल बुवा, समुद्राला काय आपण ओळखतो? गळत असतील टोप्या. चकाचकांनी खरवडलं नसतं तरी गळल्याच असत्या. मी चुकले होते आणि मामाची कंबर वाचणार होती, यापेक्षा चांगली चूक कुठली? त्या दिवशी मी घरी जाताना लाटसाहेबांना मनातल्या मनात लाटसाहेबसुद्धा म्हटलं नाही, सर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी बाटल्या घेऊन बंदरावर गेले. टोप्या गळत असतील तर गळलेल्या टोप्या खाली वाळूत सापडायला हव्या होत्या, आणि बोट निघण्याआधी मला त्या गोळा करायच्या होत्या. ओहोटी होती. मामाची बोट उथळ पाण्यात एका बाजूला कललेली होती आणि तिच्यापलीकडून आवाज येत होता. खर्र, खर्र. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

वळसा घालून गेले. मामा मांडीपर्यंत पाण्यात होता, वाकलेला, एक हात बोटीला टेकवून दुसऱ्या हाताने तळ खरवडत. मामी काठावर त्याचा कोरडा शर्ट आणि टॉवेल धरून उभी होती. तिने मला पाहिलं आणि ती म्हणाली, “बरं झालं तू आलीस. आता तूच सांग याला.”

मामाने पातं पाठीमागे लपवलं. एवढा थोराड माणूस, पातं पाठीमागे धरून पाण्यात उभा.

“किती दिवस चाललंय हे?” मी विचारलं.

“कुठे काय? थोडं राहिलं होतं ते...”

“रोज,” मामी म्हणाली. “ओहोटी असेल तेव्हा. रात्री कुशीवर वळता येत नाही त्याला. पण भाचीची सही व्हायचीय ना.”

ज्या रंगाने त्याचं खरवडणं थांबणार होतं, त्या रंगापायी तो आयुष्यात खरवडलं नसेल एवढं खरवडत होता. हंगामाआधी एकदा करायचं काम तो रोज करत होता, आणि त्याच्या कंबरेच्या जिवावर लाटसाहेबांच्या पडद्यावरचा आलेख वर चढत होता. मला एवढा राग आला की हातातल्या बाटल्या मी वाळूत टाकून दिल्या. राग लाटसाहेबांचा होता, मामाचा होता, आणि काल आनंदाने घरी गेलेल्या बाईचा सर्वांत जास्त होता.

“बाहेर ये,” मी म्हणाले. “पुरे झालं. माझी मुदतवाढ झाली.”

“कधी?”

“काल. तळ स्वच्छ बघून साहेबांनी लगेच सही केली. आता टोप्या बसू देत नाहीतर झाडं उगवू देत, माझं काही जात नाही.”

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. खोटं बोलायच्या बाबतीत आमचं घराणं कच्चं आहे, पण त्याची कंबर इतकी दुखत होती की त्याला विश्वास ठेवायचाच होता. तो हळूहळू बाहेर आला. पातं मी मामीच्या हवाली केलं आणि ते तिने कुठे ठेवलं ते मलाही सांगितलं नाही.

त्याच दिवशी मी लाटसाहेबांना सांगितलं की बोट मामा रोज खरवडत होता. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “त्यांनी चाचणीत ढवळाढवळ केली, हे गंभीर आहे. पण ते पाण्याखालचं काम झालं, कोणी पाहिलेलं नाही. आपण त्याचा उल्लेख टाळू.” मुदतवाढीचा कागद अजून टेबलावरच होता, पेपरवेटखाली.

हंगाम संपला आणि मंडळ आलं. उतारावर खुर्च्या मांडल्या होत्या, लाटसाहेबांसमोर माईक होता आणि सगळं बंदर काम सोडून बघायला जमलं होतं. मंडळाच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, साध्या चपला घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. लाटसाहेबांनी विलंबित स्वयंशुद्धीवर सुरेख भाषण केलं. मग त्यांनी हात केला आणि बोट दोरांवर ओढत वर आली.

पाणी निथळलं तसा तळ दिसायला लागला. निळा रंग कुठे दिसतच नव्हता. टोपीला टोपी चिकटून, टोपीवर टोपी, वर हिरवं शेवाळ लोंबत होतं. बोटवाल्यांमध्ये कोणीतरी शीळ घातली. लाटसाहेबांचा चेहरा उतरला, पण फार वेळ नाही. नाचता येईना की अंगण वाकडं करायला हा माणूस सदैव तयार.

“एक गोष्ट स्पष्ट करतो,” ते माईकवर म्हणाले. “हा रंग चालत्या बोटीसाठी आहे. पाण्याच्या प्रवाहाने शुद्धी होते. बोट जागेवर उभी ठेवली तर जगातला कुठलाही रंग काम करणार नाही.” आणि मामाकडे वळून त्यांनी विचारलं, “काय मामा? बोट उभी होती ना?”

ते विचारत नव्हते, सांगत होते. मामाने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सही झालेली नाही, हे माझ्या चेहऱ्यावर त्याला त्या क्षणी दिसलं असणार.

“हो साहेब,” तो म्हणाला. “उभी होती.”

“किती दिवस?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“सगळा हंगाम.”

मागे हशा पिकला. रोज त्याला समुद्रावर जाताना पाहणारे बोटवाले होते ते, आणि तापातसुद्धा बोट बाहेर काढणाऱ्या माणसाने आपण हंगामभर घरी लोळत होतो असं माईकसमोर सांगावं, याचं त्यांना हसू आलं. मामाचे कान लाल झाले. तो हात मागे बांधून जमिनीकडे बघत उभा राहिला आणि लाटसाहेबांनी मोठ्या मनाने मान डोलावली.

मी माईक घेतला नाही. माझा आवाज तसाही मोठा आहे.

“बोट एक दिवस उभी नव्हती,” मी म्हणाले. “इथे जमलेल्या कोणालाही विचारा. मधल्या पाहणीत तळ स्वच्छ होता कारण मामा रोज ओहोटीला तो हाताने खरवडत होता. धक्क्यावरच्या पाट्या स्वच्छ होत्या कारण तुम्ही येणार म्हणून त्या खरवडून पुन्हा रंगवल्या होत्या. सरांना हे दोन्ही मी सांगितलंय. हा रंग काहीही करत नाही.”

“मुलगी भावनेच्या भरात आहे,” लाटसाहेब म्हणाले. “नात्यातला प्रश्न आहे.”

अध्यक्षबाईंनी चकाचकांना विचारलं, “पाट्या तुम्ही खरवडल्या होत्या?”

“हो बाई,” चकाचक पुढे होऊन म्हणाले. “पुढची सगळी रांग. आज बोटसुद्धा खुर्च्या मांडायच्या आधी खरवडून घेणार होतो, ती पाण्यात होती म्हणून राहिलं.”

बाईंनी एकदा लाटसाहेबांकडे पाहिलं आणि पर्स उचलली. पुढच्या बैठकीत बघू, असं म्हणून त्या गाडीत बसल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी जे बघायचं ते बघितलं. लाटसाहेबांचं अनुदान थांबलं नाही, विषय तेवढा बदलला. आता ते ‘सुलभ खरवडण्याजोगा रंग’ यावर काम करतात, आणि त्यांच्या निबंधाच्या शेवटी एका स्थानिक बोटमालकाचे आभार मानलेले आहेत. मुदतवाढीच्या कागदावर सही झाली नाही. नको होतीच, असं मी सगळ्यांना सांगते, पण पाहणीच्या त्या संध्याकाळी मी रडले, आणि ते काही मामासाठी नव्हतं.

पण त्याआधी, गाड्या गेल्यावर, खुर्च्या उचलल्यावर, उतारावर आम्ही दोघेच राहिलो. मामा बोटीच्या सावलीत दगडावर बसला होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. मी शेजारी जाऊन बसले.

“सगळ्या बंदरासमोर आळशी ठरलो,” तो शेवटी म्हणाला, “आणि तेही फुकट घालवलंस.”

“तू मला विचारून ठरलास का?”

“तू मला विचारून खोटं बोललीस का, सही झाली म्हणून?”



“आईला कोण सांगणार?” मी विचारलं.

“तुझी आई आहे.”

“तुझी बहीण आहे.”

तो हसला नाही, पण त्याचा राग थोडा ओसरला. मग उठायला लागला तर कंबर धरली. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. तो बोटीला धरून धरून मागच्या टोकाशी गेला, सुकाणूच्या पाठीमागे, जिथे वाकल्याशिवाय कोणाची नजर जात नाही, आणि मला म्हणाला, “इथे बघ.”

मी वाकले. सुकाणूमागे वीतभर जागेत टोप्या होत्या, पण बाकी तळासारख्या नाहीत. जुन्या, मोठ्या, अंगठ्याएवढ्या, एकावर एक बसलेल्या. हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून त्यांना कोणी हात लावला नव्हता.

“एवढं मी कधीच खरवडलं नाही,” मामा म्हणाला. “बाकी सगळं काढायचो, एवढं ठेवायचो. साहेब म्हणाले होते ना, आपोआप पडतील. म्हटलं, तुम्ही एवढी शिकलेली माणसं. तुझा हात लागलेला रंग. रोज आधी इथे हात घालून बघायचो.”

“मी सांगितलं होतं ना तुला, काही होत नाही म्हणून?”

“सांगितलं होतंस,” तो म्हणाला. “तरी बघायचो.”